प्रत्येक मधुमेह 'टाइप टू' नसतो : उतारवयातील स्वयंप्रतिरोधक मधुमेहाची ओळख

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांना नोव्हेंबर २०१२ मध्ये मधुमेह असल्याचे निदान झाले. त्या वेळी त्या ५६ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे देशाचे गृहमंत्रिपद होते. वजन थोडे उतरले होते, पाणी अधिक प्यावेसे वाटत होते. परंतु ते वर्ष लंडन ऑलिम्पिकच्या धावपळीचे असल्यामुळे या गोष्टींकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. त्यांचे वय लक्षात घेऊन हा 'टाइप टू' म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असावा असे डॉक्टरांनी प्रथम ठरवले व गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा गुण येईना, तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि तो 'टाइप वन' म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचे स्पष्ट झाले. जुलै २०१३ मध्ये त्यांनी स्वतः ही गोष्ट जाहीर केली आणि पुढे रोज इन्सुलिन घेत २०१६ ते २०१९ या काळात पंतप्रधानपदाची जबाबदारी सांभाळली.

एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीच्या बाबतीत जे घडले, ते सामान्य कुटुंबांतही घडत असते. फरक इतकाच की, आपल्याकडे 'गोळ्यांचा गुण येत नाही' या तक्रारीचा अर्थ बहुधा वेगळा लावला जातो. घरातील वडीलधाऱ्यांची साखर उतरत नाही, म्हणजे ते चोरून गोड खात असणार, पथ्य पाळत नसणार, गोळ्या चुकवत असणार, असा निष्कर्ष घरची मंडळी काढतात. कधी कधी दवाखान्यातही हेच ऐकावे लागते. अनेकदा त्यात तथ्य असतेही. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत दोष रुग्णाचा नसतो, तर आजाराचा प्रकारच निराळा असतो. तो प्रकार कसा ओळखावा, याची माहिती आपल्या वाचकांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मधुमेहाचे दोन परिचित प्रकार

आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तातून पेशींमध्ये शिरावी यासाठी इन्सुलिन नावाच्या संप्रेरकाची गरज असते. पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी हे इन्सुलिन तयार करतात.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन असते. पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. हळूहळू बीटा पेशीही थकतात. वाढलेले वजन, पोटावरील चरबी, बैठे जीवन आणि घराण्यातील मधुमेह यांचा या प्रकाराशी निकटचा संबंध आहे. आपल्या देशातील बहुसंख्य मधुमेही याच प्रकारात मोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे.

पहिल्या प्रकारात मात्र मूळ कारणच वेगळे असते. जंतूंपासून आपले रक्षण करणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा दिशा चुकते आणि आपल्याच बीटा पेशींना शत्रू समजून त्यांचा नाश करू लागते. अशा आजारांना स्वयंप्रतिरोधक किंवा 'ऑटोइम्यून' आजार म्हणतात. बीटा पेशी नष्ट झाल्या की शरीरातील इन्सुलिन संपुष्टात येते व रुग्णाला बाहेरून इन्सुलिन घेतल्यावाचून तरणोपाय राहत नाही.

पूर्वी या प्रकाराला 'बालमधुमेह' असे नाव होते. हे नाव बरेच दिशाभूल करणारे ठरले. त्यामुळे हा आजार फक्त मुलांनाच होतो, अशी समजूत जनमानसात आणि काही अंशी वैद्यकीय क्षेत्रातही रुजली. २०१८ साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील गोऱ्या वंशाच्या लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास केला. आयुष्याच्या पहिल्या ६० वर्षांत उद्भवलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहापैकी सुमारे ४२ टक्के मधुमेह ३१ ते ६० या वयोगटात सुरू झाल्याचे त्यांना दिसून आले. थोडक्यात, वय पाहून मधुमेहाचा प्रकार ठरवणे सुरक्षित नाही.

'लाडा' म्हणजे काय?

मुलांमध्ये बीटा पेशींचा नाश सहसा वेगाने होतो. काही आठवड्यांतच मूल गंभीर आजारी पडते. प्रौढांमध्ये हाच नाश पुष्कळदा संथ गतीने, काही महिने किंवा काही वर्षे चालतो. सुरुवातीला थोडेफार इन्सुलिन शिल्लक असल्यामुळे गोळ्या व पथ्य यांवर निभावते आणि आजार हुबेहूब दुसऱ्या प्रकारासारखा दिसतो. अशा मधुमेहाला 'प्रौढांमधील सुप्त स्वयंप्रतिरोधक मधुमेह' म्हणतात. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'लाडा' हे सुटसुटीत नाव रूढ झाले आहे.

या आजाराचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. १९७४ साली लंडनमधील संशोधकांना काही मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, आढळली. १९९० साली यांपैकी एक महत्त्वाचे प्रतिपिंड 'जीएडी' नावाच्या विकराविरुद्ध असते, हे उघड झाले. १९९३ साली टिनामाइया टुओमी, लाइफ ग्रूप, पॉल झिमेट आदी संशोधकांनी हे जीएडी प्रतिपिंड प्रौढ वयात मधुमेह झालेल्या व सुरुवातीला इन्सुलिनची गरज नसलेल्या काही रुग्णांतही असते, हे दाखवून दिले आणि 'लाडा' ही संज्ञा प्रचारात आली.

लाडाचे निदान करताना साधारणपणे तीन निकष लावले जातात. पहिला, मधुमेहाची सुरुवात वयाच्या ३० वर्षांनंतर झालेली असावी. दुसरा, रक्तात बीटा पेशींविरुद्धचे किमान एक प्रतिपिंड असावे. तिसरा, निदानानंतर किमान सहा महिने इन्सुलिनशिवाय निभावलेले असावे. तिसरा निकष मात्र काहीसा सैल आहे; कारण इन्सुलिन केव्हा सुरू करायचे, हे रुग्णाच्या स्थितीइतकेच डॉक्टरांच्या निर्णयावरही अवलंबून असते.

उतारवयात हे कितपत आढळते?

ब्रिटनमध्ये मधुमेहावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. २५ ते ६५ या वयोगटातील, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे असे नव्याने निदान झालेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांची प्रतिपिंडांसाठी तपासणी त्यात करण्यात आली. २५ ते ३४ वयाच्या रुग्णांपैकी ३४ टक्के जणांच्या रक्तात जीएडी प्रतिपिंड होते. ५५ ते ६५ या वयोगटात हे प्रमाण ७ टक्के होते.

याच अभ्यासातील दुसरी माहिती ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ३५ वर्षांखालील जीएडी प्रतिपिंड असलेल्या रुग्णांपैकी ८४ टक्के जणांना सहा वर्षांच्या आत इन्सुलिन घ्यावे लागले. ५५ वर्षांवरील अशा रुग्णांत हे प्रमाण ३४ टक्के होते. तर त्याच वयाच्या, प्रतिपिंड नसलेल्या रुग्णांत ते केवळ ५ टक्के होते.

यातून दोन गोष्टी समजतात. उतारवयात हा आजार कमी आढळतो, पण दुर्मीळ म्हणून दुर्लक्ष करावे इतका कमी नाही. तसेच, प्रतिपिंड सापडले म्हणजे ज्येष्ठ रुग्णाला लगेच इन्सुलिन लागेलच असे नाही. परंतु पुढे लागण्याची शक्यता मात्र कित्येक पटींनी वाढलेली असते. म्हणूनच अशा रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

पुढील गोष्टी एकट्यादुकट्या दिसल्यास त्यांवरून काही ठरत नाही. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर मात्र डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

१. पथ्य नीट पाळूनही, गोळ्या वेळेवर घेऊनही साखर वाढत जाणे. विशेषतः निदानानंतर काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांतच गोळ्यांची संख्या वाढत जाऊन त्या अपुऱ्या पडू लागणे.

२. प्रयत्न न करता वजन उतरणे. सदरा सैल होणे, बांगड्या हातातून निसटणे, गालफडे बसणे या गोष्टींकडे 'वय झाले' म्हणून काणाडोळा केला जातो. साखर वाढलेली असताना वजन उतरत असेल, तर शरीराला इन्सुलिन कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

३. सतत तहान, वारंवार लघवी, रात्री अनेकदा उठावे लागणे, विलक्षण थकवा. पुरुषांमध्ये रात्रीच्या लघवीचे खापर प्रोस्टेटवर फोडले जाते व साखर तपासायची राहून जाते.

४. मुळातच सडपातळ बांधा असणे. रक्तदाब वा चरबीचे विकार नसणे.

५. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नातलगांना अन्य स्वयंप्रतिरोधक आजार असणे. थायरॉइडचे काही विकार, अंगावरील कोड, गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सिलिॲक आजार, 'ब १२' जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होणारा विशिष्ट पंडुरोग हे त्यांपैकी काही होत. एका आजारात चुकलेली प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या ठिकाणीही चुकू शकते.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ साली अशा पाच खुणांची एक सोपी कसोटी मांडली : निदानसमयी वय ५० पेक्षा कमी, तीव्र लक्षणे, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २५ हून कमी, स्वतःला अन्य स्वयंप्रतिरोधक आजार आणि कुटुंबात तसा आजार. यांपैकी दोन किंवा अधिक खुणा असल्यास प्रतिपिंडांची तपासणी करावी, असे त्यांनी सुचवले. ही कसोटी उपयुक्त आहे. परंतु आपल्याकडे ती वापरताना दोन गोष्टींचे भान हवे. साठीच्या पुढील रुग्णाला वयाचा निकष लागूच पडत नाही, त्यामुळे केवळ वयावर बोट ठेवून शंका झटकून टाकणे योग्य नव्हे. दुसरे असे की, भारतीयांमध्ये दिसायला सडपातळ असलेल्या अनेकांनाही दुसऱ्या प्रकारचाच मधुमेह असतो. म्हणून केवळ बांध्यावरून लाडाचा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच स्थूल व्यक्तीला लाडा होतच नाही, असेही नाही.

वजन उतरण्याची इतर कारणे

उतारवयात साखर वाढणे आणि वजन उतरणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर लाडाखेरीज अन्य कारणेही तपासून पाहावी लागतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात कधी कधी नव्याने उद्भवलेला मधुमेह हीच पहिली खूण असते. विशेषतः पाठीकडे जाणारी पोटदुखी, भूक मंदावणे किंवा कावीळ यांची जोड असेल तर विलंब करू नये. स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊनही मधुमेह होतो व त्यामागे अनेकदा दारूचे व्यसन असते. क्षयरोग आणि मधुमेह हे तर आपल्या देशातील जुने सोबती आहेत. खोकला, संध्याकाळचा ताप व वजनातील घट असल्यास थुंकीची व छातीची तपासणी करावी. थायरॉइडचा स्राव वाढल्यानेही वजन घटते. दमा, संधिवात आदींसाठी घेतलेल्या स्टेरॉइड औषधांनी साखर वाढते; म्हणून आपण घेत असलेली सर्व औषधे, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या पुड्या व काढेदेखील, डॉक्टरांना न लपवता सांगावीत.

निश्चित निदान कसे होते?

उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक असणे, किंवा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के वा अधिक असणे, यावरून मधुमेह आहे हे कळते. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे मात्र या तपासण्यांतून कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या दोन वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

पहिली तपासणी जीएडी प्रतिपिंडाची. प्रौढांमध्ये हेच प्रतिपिंड सर्वाधिक आढळते. ते नसेल आणि तरीही शंका बळकट असेल, तर डॉक्टर अन्य प्रतिपिंडांची तपासणी सुचवतात. ही तपासणी सरसकट सर्व मधुमेहींनी करून घ्यावी असे नाही. लक्षणे जुळत नसताना केलेल्या तपासणीत प्रतिपिंड किंचित वाढलेले दिसले, तर ते फसवेही असू शकते. म्हणून खुणा पाहून निवडक रुग्णांचीच तपासणी करणे हितावह ठरते.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते, तेव्हा त्यासोबत तेवढेच सी-पेप्टाइडही रक्तात सोडते. बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. त्यामुळे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णातही समजू शकते. लाडाविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सी-पेप्टाइड लिटरमागे ०.३ नॅनोमोलपेक्षा, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ०.९ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास पहिल्या प्रकाराप्रमाणेच इन्सुलिनचे उपचार करावेत. ०.३ ते ०.७ हा मधला पट्टा असून त्यातील रुग्णांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी. ०.७ हून अधिक असल्यास उपचार बरेचसे दुसऱ्या प्रकारासारखेच, परंतु सी-पेप्टाइडवर लक्ष ठेवून करावेत. मूत्रपिंडे अशक्त असल्यास सी-पेप्टाइड वाढलेले दिसते, तर साखर अतिशय वाढलेली असताना ते तात्पुरते कमी दिसू शकते. म्हणून अहवालाचा अर्थ प्रयोगशाळेच्या कागदावरून स्वतः न लावता तो डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

प्रकार ओळखल्याने उपचारात काय फरक पडतो?

'शेवटी साखरच उतरवायची ना, मग प्रकार कोणता का असेना,' असे काहींना वाटेल. परंतु प्रकार ओळखल्याने औषधांची निवड बदलते.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही सल्फोनिलयुरिया गटातील औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. ती बीटा पेशींना अधिक इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात. ज्या पेशी आधीच नाश पावत आहेत, त्यांना असे राबवणे हिताचे नसते. जपानमध्ये झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रुग्णांना सल्फोनिलयुरियाऐवजी लवकर इन्सुलिन दिल्यास त्यांच्या बीटा पेशींची कार्यशक्ती अधिक टिकून राहते, असे दिसून आले. त्यामुळे लाडामध्ये ही औषधे टाळावीत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

दुसरा गट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी औषधांचा. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांत त्यांचा मोठा उपयोग होतो. परंतु शरीरात इन्सुलिन फारच कमी असेल, तर या औषधांमुळे रक्तात कीटोन नावाची आम्ले साठण्याचा धोका वाढतो; आणि विशेष म्हणजे त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसतानाही हे घडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी मे २०१५ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती.

ही माहिती वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. या औषधांचा कोट्यवधी रुग्णांना लाभ होत आहे. शंका असेल तर ती डॉक्टरांपुढे मांडावी.

तातडीच्या धोक्याची लक्षणे

इन्सुलिन अगदीच कमी पडले की शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते व रक्तात आम्ले साठतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास, ग्लानी ही त्याची लक्षणे होत. ज्येष्ठांच्या बाबतीत ही लक्षणे अपचनाची वा अशक्तपणाची समजली जाऊन घरगुती उपायांत मोलाचे तास वाया जातात. मधुमेही व्यक्तीला अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे व रक्तातील किंवा लघवीतील कीटोन तपासण्याची विनंती करावी. इन्सुलिन घेणारी व्यक्ती आजारी पडली, जेवण जाईनासे झाले, तरी इन्सुलिन पूर्णपणे बंद करू नये. मात्रा किती ठेवावी, हे डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिनविषयीची भीती

'इन्सुलिन सुरू झाले म्हणजे आता शेवट आला,' ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. शेजारच्या कोणाला तरी इन्सुलिन सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे पाय कापावे लागले, अशा हकिकती सांगितल्या जातात. वस्तुतः पाय जातो तो वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे. इन्सुलिन उशिरा आले म्हणून, इन्सुलिन आले म्हणून नव्हे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे करण्यात यश मिळवले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथमच एका मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. ज्याच्या शरीरात इन्सुलिन उरलेले नाही, त्याच्यासाठी इन्सुलिन हे व्यसन नाही की शिक्षा नाही. शरीरात जे कमी पडले आहे, त्याची ती भरपाई आहे.

घरी इन्सुलिन वापरताना काही पथ्ये पाळावीत. न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. वापरात असलेली कुपी उन्हापासून दूर, थंड जागी ठेवून साधारण चार आठवड्यांत संपवावी. टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी.

ज्येष्ठांच्या बाबतीत साखर फार खाली जाणे हा मोठा धोका असतो. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, असंबद्ध बोलणे, एकाएकी चिडणे किंवा गळून जाणे ही त्याची लक्षणे. साखर ७० हून खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. साखर उतरल्याने पडून खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग येतात. म्हणूनच वयोवृद्ध व अशक्त रुग्णांसाठी एचबीए१सीचे उद्दिष्ट तरुणांपेक्षा थोडे सैल, साधारणपणे ८ टक्क्यांच्या आत, असे ठेवले जाते.

येथे आपल्या श्रद्धाजीवनाशी निगडित एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणे धोक्याचे असते. तरीही अनेक ज्येष्ठ बंधुभगिनी प्रायश्चित्तकाळात किंवा सकाळच्या मिस्सापूर्वी काहीच न खाण्याचा आग्रह धरतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार यांच्या उपवासाचे बंधन वयाची ५९ वर्षे पूर्ण झाल्यावर राहत नाही. तसेच पवित्र कम्युनिअनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे. तेव्हा वेळेवर खाणे हा अशा व्यक्तींच्या बाबतीत श्रद्धेतील उणेपणा मानण्याचे कारण नाही.

कुटुंबीयांनी काय करावे?

साखरेचे अहवाल, वजनाच्या नोंदी व औषधांच्या चिठ्ठ्या एका वहीत तारखेनुसार ठेवाव्यात. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करावे. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. कारण साखर कशी वाढत गेली व वजन कसे उतरत गेले, हा क्रमच निदानाला दिशा देतो. आवश्यक वाटल्यास नम्रपणे पुढील प्रश्न विचारावेत : गोळ्यांचा गुण का येत नसावा? मधुमेहाचा प्रकार निश्चित झाला आहे काय? जीएडी व सी-पेप्टाइड या तपासण्यांचा उपयोग होईल काय? सध्याच्या गोळ्यांपैकी एखादी बदलणे योग्य ठरेल काय? मधुमेहतज्ज्ञांचे मत घ्यावे काय? असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. दहा मिनिटांच्या भेटीत जे डॉक्टरांना दिसू शकत नाही, ते घरच्यांनी त्यांच्यासमोर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

लाडाचे निदान झालेल्या व्यक्तीची थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची वार्षिक तपासणी अन्य मधुमेहींप्रमाणेच चुकवू नये. आहारातील संयम, नियमित चालणे व तंबाखूपासून दूर राहणे यांचे महत्त्वही कमी होत नाही.

शेवटी एक विनंती. म्हातारपणी घरातील माणसांनी सतत संशयाने पाहावे, डबे लपवून ठेवावेत, ताटातील प्रत्येक घासाचा हिशेब मागावा, ही गोष्ट फार जिव्हारी लागणारी असते. प्रामाणिकपणे पथ्य पाळणारी व्यक्ती अशा वागणुकीने खचून जाते व कालांतराने आपली तक्रार सांगणेच सोडून देते. मग उतरणारे वजन व वाढणारी तहान कोणाच्याच कानांवर येत नाही. तेव्हा आपल्या घरातील वडीलधारी मंडळी 'मी गोड खाल्ले नाही' असे म्हणत असतील, तर प्रथम त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि पुढच्या भेटीत साखरेच्या आकड्यासोबत त्यांचे हे म्हणणेही डॉक्टरांच्या कानांवर घालावे.